पाच तोंडांचं रंगकाम

बाजीराव पोखरकरांनी उभ्या आयुष्यात तोंडाला पावडर लावली ती एकदाच, स्वतःच्या लग्नात, आणि तीही मामाने धरून लावली म्हणून. त्यामुळे घोडेगावच्या ज्या सरकारी कचेरीत ते तेहतीस वर्षं आवक-जावक बघत होते, तिथल्या साहेबांनी एका सोमवारी बोलावून "पोखरकर, रंगभूषा तुमच्याकडे" असं सांगितलं, तेव्हा रंगभूषा नावाची कुणी नवीन बाई बदली होऊन आली असावी आणि तिला टेबल द्यायचं असावं, असं त्यांना वाटलं. "खिडकीजवळचं चालेल का त्यांना?" असं त्यांनी विचारलंसुद्धा.

प्रकरण वेगळं होतं. जिल्ह्यातल्या कर्मचाऱ्यांची नाट्यस्पर्धा जाहीर झाली होती. पहिली फेरी व्हिडिओवरून आणि अंतिम फेरी जुन्नरला रंगमंचावर. साहेबांनी 'बुडीत क्षेत्र' नावाची एकांकिका स्वतःच लिहिली होती. धरणाचं पाणी गावात शिरतं, ऐंशी वर्षांचा म्हातारा उंबऱ्यावरून उठत नाही, आणि शेवटी एक तडफदार तरुण अधिकारी पुनर्वसन या विषयावर तीन पानं बोलतो. तरुण अधिकारी साहेब स्वतः होणार होते. साहेबांचं वय छप्पन्न. म्हाताऱ्याचं काम स्टोअरचा सुदर्शन करणार होता, त्याचं वय एकतीस. म्हातारीचं काम समृद्धी नावाच्या नव्या मुलीकडे, आणि शिपाई नि ड्रायव्हर हे दोघे गावकरी. म्हणजे ज्याला म्हातारं करायचं तो तरुण आणि ज्याला तरुण करायचं ते निवृत्तीला टेकलेले. ही तफावत भरून काढायची जबाबदारी ज्याच्यावर, तो रंगभूषा प्रमुख.

दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्या माणसाकडे कचेरीत सगळे उसाच्या चिपाडाकडे बघावं तसे बघतात. अजून एकदा चरकातून निघतंय का, एवढाच प्रश्न. बाजीराव निघाले.

कामाची सुरुवात टिपणीने करावी हे त्यांच्या रक्तात होतं. त्यांनी 'रंगभूषा साहित्य मिळणेबाबत' अशी फाईल वर पाठवली. आठ दिवसांनी ती शेरा घेऊन खाली आली. 'रंगभूषा' असं खर्चाचं शीर्ष उपलब्ध नाही, सबब प्रस्ताव 'रंगरंगोटी' या शीर्षाखाली सादर करावा. बाजीरावांनी केला. त्यामुळे फाईल बांधकामाकडे गेली आणि गुरुवारी एक कनिष्ठ अभियंता टेप घेऊन टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"काय रंगवायचंय?"

"तोंडं," बाजीराव म्हणाले.

"किती?"

"पाच."

अभियंत्याने लिहून घेतलं. तोही दमलेला होता, सकाळपासून तीन शाळांचे संडास मोजून आला होता. "आतून का बाहेरून?"

"बाहेरून."

"आधी प्रायमरचा हात लागेल. जुना थर खरवडायचा का?"

बाजीरावांनी साहेबांच्या दाराकडे बघितलं. "त्यावर मी शेरा मारू शकत नाही," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात साहित्य आलं. पांढऱ्या डिस्टेंपरची एक बादली, चार इंची दोन ब्रश आणि पुट्टी भरायची पत्र्याची पट्टी. 'साहित्य सुस्थितीत मिळाले' अशी सही बाजीरावांनी केली, कारण साहित्य सुस्थितीतच होतं.

आता इथे कुणीही विचारील, की बाजीरावांच्या मंचरच्या घरात, पुढच्या खोलीत, त्यांची सख्खी मुलगी प्रतीक्षा ब्युटी पार्लर चालवत असताना हा माणूस डिस्टेंपरच्या बादलीपर्यंत गेलाच कसा? तर त्याचं उत्तर असं, की कचेरीच्या लेखी प्रतीक्षा पार्लर चालवत नव्हती. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती, असं बाजीरावांनीच तिथे सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिने पुण्यातला क्लास सोडून मेकअपचा कोर्स केला, घरी येऊन आरसा लावला, खुर्ची टाकली, तेव्हापासून बाप-लेकीत बोलणं म्हणजे "गॅस आला का" आणि "लाईट गेली का" एवढंच उरलं होतं. बाजीराव पुढच्या दाराने घरात येत नसत. तिथे कधी कोण बाई तोंडाला काय थापून बसलेली असेल याचा नेम नसे, आणि एकदा अशाच एका हिरव्या तोंडाच्या बाईने त्यांना "या साहेब, बसा" म्हटलं होतं. स्वतःच्या घरात. तेव्हापासून ते बोळातून, मोरीच्या बाजूने ये-जा करत.

त्यामुळे सल्ला मागायला ते शेजारच्या गेणभाऊंकडे गेले. गेणभाऊ एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आणि तरुणपणी गावच्या जत्रेच्या नाटकांत बायकांची कामं करायचे. आजही रागावले की पदर सावरल्यासारखा हात खांद्याकडे जायचा.

"सोपं हाय राव," गेणभाऊ म्हणाले. "सफेदा, खोबरेल अन् कुकू. आमी बाकी कायबी लावलं न्हाई."

तेवढ्यात गल्ली गोळा झाली. एकाने मुलतानी माती सुचवली. एकाने म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांसाठी रात्रभर तोंडाला फेव्हिकॉल लावून ठेवायला सांगितलं. दूधवाल्याने "तोंडाला कशाला हात लावता, मागच्या बाजूनं लाईट मारा, तोंडच दिसणार न्हाई" असा मूलगामी उपाय दिला. प्रतीक्षा दारात उभी राहून टॉवेल झटकत सगळं ऐकत होती. टॉवेल मात्र गरजेपेक्षा जरा जास्तच झटकला, असं बाजीरावांना वाटलं.

शेवटी गेणभाऊ त्यांना नारायणगावला ठकूबाईंकडे घेऊन गेले. ठकूबाईंनी चाळीस वर्षं तमाशात काम केलेलं. आता बाजारामागे दोन खोल्यांत राहायच्या, गुडघे गेलेले, पण डोळे असे की बघितलं की माणूस आपोआप शर्टाचं वरचं बटण लावील. बाजीरावांनी 'स्पर्धेच्या अनुषंगाने माहिती मिळणेबाबत' असं सुरू केलं, ते त्यांनी हातानेच थांबवलं.

"बसा हितं. तोंड वर करा."

पुढचा अर्धा तास बाजीराव खाटेवर बसून होते आणि ठकूबाई त्यांच्या तोंडाच्या उजव्या बाजूवर राजा काढत होत्या. सफेदा, त्यावर पिवडीचा पिवळा हात, गालाला लाली, भुवई पार कानशिलापर्यंत, डोळ्याखाली काजळाची रेघ, आणि अर्धी मिशी.

"भाऊ, पैल्या रांगेतला मानूस शाना आसतो," त्या काम करता करता म्हणाल्या. "त्याला न रंगवताबी दिसतं. तोंड रंगवायचं ते पार मागं, बाभळीखाली घोंगडं टाकून बसलेल्यासाठी. त्यो दिसभर राबून आलेला आसतो, डोळं मिटत आसतात. त्याला कळलं पायजे का राजा हसला का रडला. भुवई उचलली तर तितवर गेली पायजे." मग त्यांनी गेणभाऊंना रस्त्यापलीकडे पिठाच्या गिरणीपाशी उभं केलं आणि बाजीरावांना दारात. "दिसतंय का रं?"

"डावं काय दिसत न्हाई!" गेणभाऊ तिकडून ओरडले. "उजवं लई रागात हाय!"

"बगा," ठकूबाई म्हणाल्या. बाजीराव अजिबात रागात नव्हते. पण त्यांना पहिल्यांदाच काहीतरी कळल्यासारखं झालं, आणि कळल्याच्या आनंदात तोंड धुवायचं राहिलं. आठवण झाली तेव्हा नळाचं पाणी गेलेलं होतं आणि मंचरची एसटी लागलेली होती.

अर्धा राजा आणि अर्धा वरिष्ठ लिपिक अशा अवस्थेत ते एसटीत चढले. तोंडावर रुमाल धरला, तर एक बाई झटकन उठून उभी राहिली. "बसा बाबा. कुटं भाजलं वो?"

"भाजलं न्हाई, नाटक हाय," गेणभाऊ म्हणाले, आणि त्याने काहीही सोपं झालं नाही. कळंब येईपर्यंत अख्ख्या गाडीने कोरफड, बर्नॉल आणि तूप यांवर आपापली मतं दिली. एकाने रुमाल उचलून बघितला आणि पुन्हा हळूच ठेवला.

मंचरला गेणभाऊ घाईने आपल्या घरात शिरले. बोळात ड्रेनेजचं खोदकाम निघालं होतं, त्यामुळे बाजीरावांना पुढच्या दारानेच आत जावं लागलं. खोलीत दोन बायका बसल्या होत्या. दोघी किंचाळल्या. प्रतीक्षाने मान वळवून बघितलं, हातातला ब्रश खाली ठेवला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा गॅस आणि लाईट सोडून काहीतरी बोलली.

"डोळे मिटा, पप्पा."

तिने कापसावर काहीतरी पातळ ओतून हळूहळू पुसायला घेतलं. भुवई गेली, लाली गेली, मिशी गेली. "सफेदा तेलात कालवलाय," ती स्वतःशीच पुटपुटली. "हात मात्र कसला साफ आहे. कोण आहे ही बाई?" बाजीरावांनी सांगितलं. ती "हं" म्हणाली. बस एवढंच.

इथेच बाजीरावांनी "बाई गं, हे काम तूच कर" म्हणायला हवं होतं. पण स्वाभिमान नावाची वस्तू मध्यमवर्गीय माणसाकडे एकच असते आणि ती त्याला कुठे ठेवावी ते कळत नाही. शिवाय आता आपल्याला रंगभूषा समजली आहे असा त्यांचा समज झाला होता.

पहिल्या फेरीच्या व्हिडिओचं शूटिंग कचेरीच्या सभागृहात सकाळी सात वाजता ठरलं. कॅमेरा अमृतचा. अमृत लग्नाची शूटिंगं करायचा. बाजीरावांनी पहाटेपासून बसून पाचही तोंडं ठकूबाईंच्या पद्धतीने रंगवली. भुवया कानशिलापर्यंत नेल्या. सुदर्शनच्या सुरकुत्या तर अशा काढल्या की गिरणीपासून सोडा, कळंबपासून दिसाव्यात.

अमृतने कॅमेरा डोळ्याला लावला, मग बाजूला केला, आणि पुन्हा लावला.

"काका," तो हळूच म्हणाला, "ह्यांच्यात बुडालेलं कोण आणि जिवंत कोण?"

"म्हणजे?"

"अहो, मागच्या रांगेतला माणूस माझ्या कॅमेऱ्यात नाय. कॅमेरा इथं नाकाशी आहे. ह्याला केस न् केस दिसतो. बघा ना."

छोट्या पडद्यावर बाजीरावांनी बघितलं. सुदर्शनच्या तोंडावर आंबेगाव तालुक्याचा नकाशा काढल्यासारखं दिसत होतं, नद्यांसकट. समृद्धीचा चेहरा पांढरा आणि मान सावळी, मधे सरळ सीमारेषा. साहेबांनी मागून येऊन स्वतःला बघितलं. "हा कोण?" त्यांनी विचारलं.

शूटिंग रद्द झालं, पण दिवस रद्द होत नाही. पावणेदहाला हजेरी होती. हजेरी हल्ली चेहऱ्यावरून लागते, मोबाईलसमोर उभं राहायचं आणि डोळ्यांची उघडझाप करायची. तेलातला सफेदा साबणाने निघत नाही हे ज्ञान त्याच सकाळी पाच जणांना एकदम झालं. घासून घासून तोंडं राखाडी झाली, काजळ पसरून गालावर आलं. शिपायाने डोळ्यांची उघडझाप केली. 'चेहरा जुळत नाही.' ड्रायव्हरने केली. 'चेहरा जुळत नाही.' समृद्धी रडकुंडीला आली, तर मोबाईल म्हणाला, 'कृपया चेहऱ्यावरील अडथळा दूर करावा.' शेवटी साहेब उभे राहिले. सतरा वेळा उघडझाप केली. स्वतःच्या कचेरीत, स्वतःच्या खुर्चीत, साहेब दिवसभर गैरहजर लागले आणि त्यांना वरच्या कार्यालयाकडे स्वतःच्याच किरकोळ रजेचा अर्ज पाठवावा लागला. तो अर्ज आवक-जावकमधून गेला, म्हणजे बाजीरावांच्याच हातून. जावक क्रमांक त्यांनी दोनदा तपासून टाकला.

"रविवारी पुन्हा शूटिंग," साहेब म्हणाले. "आणि पोखरकर, मला मेकअप नकोच. फक्त ताजंतवानं दिसलं पाहिजे. केलंय असं दिसता कामा नये."

त्या संध्याकाळी बाजीराव घरी जाऊन स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिले. बायको, इंद्रायणी, भाकरी थापत होती.

"तिला जरा विचार ना," बाजीराव म्हणाले.

"तुमाला तोंड हाय ना?" इंद्रायणी म्हणाली. "सकाळपासून चोळताय, अजून शाबूत दिसतंय."

बाजीराव उठले. पुढच्या खोलीच्या दारात उभे राहिले. आरशातून प्रतीक्षा दिसत होती, बाटल्या पुसत होती.

"ऑफिसचं जरा काम व्हतं."

"मला कुठं वेळ?" ती आरशातूनच म्हणाली. "माझा अभ्यास आहे. स्पर्धा परीक्षेचा."

म्हणजे तिला माहीत होतं. केव्हापासून माहीत होतं कोण जाणे. घोडेगावची एखादी नवरी खुर्चीत बसली असेल, "तुमचे वडील म्हणत होते" असं म्हणाली असेल, आणि हिने "हो, करते ना" म्हणत तिची भुवई कोरली असेल. बाजीराव तसेच उभे राहिले, आणि उभं राहण्यातच बहुधा ते काय म्हणायचं ते म्हटलं गेलं, कारण हातातली बाटली ठेवून ती म्हणाली, "किती तोंडं आहेत?"

"पाच."

"आधी प्रायमर लागेल."

बाजीराव चमकले. तो अभियंता इतका तयारीचा माणूस असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

रविवारी ती पेटी घेऊन आली आणि बाजीराव बाजूला डबे धरून उभे राहिले. तिने समृद्धीच्या जबड्यापाशी तीन रंगांचे ठिपके लावले आणि त्यातला जो दिसेनासा झाला तोच निवडला. सुदर्शनला तिने सुरकुत्या काढल्याच नाहीत. त्याला तोंड वेडंवाकडं करायला लावलं, जिथे घडी पडली तिथेच केसाएवढी सावली भरली, आणि मग बोटाने ती जवळजवळ पुसूनच टाकली. "एवढं केलं नि पुसलं कशाला?" बाजीरावांनी विचारलं. "कॅमेरा उरलेलं बघतो," ती म्हणाली. साहेबांसाठी तर तिने चाळीस मिनिटं घेतली. आणि साहेब उठले तेव्हा त्यांना काहीच केलेलं नव्हतं. फक्त रात्री झोप लागलेल्या माणसासारखे दिसत होते.

"हे सगळ्यात अवघड," ती ब्रश धुताना म्हणाली. "नवऱ्या येतात, त्यांना दिसायला पाहिजे असतं. पण बँकेतल्या बाया येतात ना, रोज लावणाऱ्या, त्यांना कुणाला कळायला नको असतं. चार तास बसून म्हणतात, ताई, काय केलंयस असं वाटायला नको."

बाजीराव ऐकत होते. आपल्या मुलीला बोलताना त्यांनी फार दिवसांनी ऐकलं होतं, आणि ती कामाबद्दल बोलत होती, त्यांच्याच सारखी, जरा वैतागून, जरा ऐटीत.

व्हिडिओ निवडला गेला. अंतिम फेरीचा अर्ज भरताना रंगभूषेच्या रकान्यापाशी बाजीराव थांबले. नियम चौदा स्पष्ट होता, सर्व कलावंत व तंत्रज्ञ आस्थापनेवरील कर्मचारी असावेत. "तुमचंच नाव टाका," साहेब म्हणाले. घरी सांगितलं तर प्रतीक्षाही म्हणाली, "टाका तुमचंच. मला काय करायचंय?" बाजीरावांनी टाकलं. त्या रात्री त्यांना भाकरी गोड लागली नाही. पण त्यांनी ती खाल्ली.

अंतिम फेरीआधी ती गेणभाऊंना घेऊन एकटीच ठकूबाईंकडे जाऊन आली. काय बोलल्या दोघी ते कळलं नाही. गेणभाऊ म्हणाले, "मला भाईर बसवलं व्हतं. आतून निस्तं हसायचा आवाज."

जुन्नरला प्रयोगाच्या दिवशी तिने सुदर्शनला विचारलं, "तुझ्याकडं वडलांचा फोटो आहे?" सुदर्शन डिंभ्याच्या धरणाकडचा. वडील, भिमाजी, नऊ वर्षांपूर्वी वारलेले. त्याने मोबाईलमधला फोटो काढून दिला. प्रतीक्षाने तो आरशाला टेकवून ठेवला आणि त्यात बघून बघून दोन तास सुदर्शनचं तोंड रंगवलं. मग बापाला म्हणाली, "पप्पा, तुम्ही शेवटच्या रांगेत जाऊन बसा. दिसलं नाही तर हात वर करा."

बाजीराव शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले. दिवे लागले. उंबऱ्यावर एक म्हातारा बसला होता. त्याच्या गालफडातली खळगी, कपाळावरची आठी, खालचा ओठ किंचित पुढे, सगळं तिथवर येत होतं. हात वर करायची वेळ आली नाही. नाटक साहेबांनी लिहिलं होतं तसंच चाललं होतं, म्हणजे लोक अधूनमधून खोकत होते. अधिकारी झालेले साहेब आले, म्हाताऱ्याला ऊठ म्हणाले. म्हातारा उठला नाही. साहेब पुन्हा म्हणाले. म्हातारा उठला नाही.

तेव्हा मधल्या रांगेतून एक बाई उभी राहिली. ती साळुबाई, सुदर्शनची आई. लेकाचं काम बघायला मुद्दाम सकाळची गाडी धरून आली होती.

"अवं, उठा की आता," ती म्हणाली. मोठ्याने नाही. ज्या आवाजात माणूस घरात बोलतो तेवढ्याच. "पानी आलंय. किती येळ बसताय? चला घरला."

सभागृहात कुणी खोकलं नाही.

संहितेप्रमाणे म्हाताऱ्याने बसूनच राहायचं होतं आणि त्याच्या अंगावर साहेबांचं तीन पानांचं भाषण व्हायचं होतं. सुदर्शनने आईकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून, एकतीस वर्षांच्या माणसाला कुणी शिकवू शकणार नाही इतका सावकाश, तो उठला. म्हातारी झालेल्या समृद्धीचा हात धरला आणि चालत आत निघून गेला. साहेब तोंड उघडं ठेवून एकटेच उभे राहिले. पडदा ओढणाऱ्याला वाटलं संपलं. त्याने ओढला. एकांकिका अकरा मिनिटं आधी संपली, आणि टाळ्या काही केल्या थांबेनात. साळुबाई केव्हाच खाली बसली होती आणि पदर तोंडाला लावून शेजारणीला सांगत होती, "मला वाटलं त्येच हायेत."

नाटकाला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांच्या मते संहिता उत्तरार्धात तोकडी पडली. पण उत्कृष्ट रंगभूषेचं पारितोषिक जाहीर झालं. श्री. बाजीराव पोखरकर. कचेरीच्या इतिहासातलं पहिलंच. साहेब उठून उभे राहिले, शिपायाने शिट्टी मारली.

बाजीराव स्टेजवर गेले. परीक्षक बाई म्हणाल्या, "काय हात आहे हो तुमचा! किती वर्षं करताय हे?" आणि माइक त्यांच्यापुढे धरला. विंगेत प्रतीक्षा उभी होती. कुणीतरी तिच्या हातात सगळ्यांच्या पिशव्या, चपला आणि साहेबांचा कोट दिला होता, आणि ती ते सगळं छातीशी धरून टाळ्या वाजवायचा प्रयत्न करत होती. ते तिला जमत नव्हतं.

"मी नाही केलं," बाजीराव माइकमधे म्हणाले. स्वतःचा आवाज एवढा मोठा त्यांनी कधी ऐकला नव्हता. "हिनं केलंय. ही प्रतीक्षा. माझी मुलगी. मंचरला हिचं पार्लर आहे. मला यातलं काही कळत नाही, मी आवक-जावक बघतो."

टाळ्या झाल्या. मग परीक्षकांनी माना एकमेकांकडे वळवल्या. मग कुणीतरी नियमावली मागवली. पाच मिनिटांनी नियम चौदा वाचून दाखवण्यात आला आणि पारितोषिकाची ढाल दुसऱ्या एका कार्यालयाच्या प्रेतासाठी गेली. त्यांनी एक प्रेत रंगवलं होतं. साहेबांनी परतीच्या गाडीत मंचरपर्यंत खिडकीकडे तोंड केलं होतं. मागच्या सीटवर बाप-लेक बसले होते.

"गप्प बसायचं ना," प्रतीक्षा हळू आवाजात म्हणाली.

"बसलो व्हतो की," बाजीराव म्हणाले. "दोन वर्षं."

सोमवारी पत्र आलं. त्याची आवक त्यांनीच नोंदवली. नियमबाह्य व्यक्तीकडून काम करून घेऊन खोटी माहिती सादर केल्याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. संध्याकाळी ते खुलासा लिहायला बसले, ते पुढच्या खोलीतच, कारण उजेड तिथेच चांगला होता. खुर्चीत एक बाई डोळे मिटून बसली होती. प्रतीक्षा तिची भुवई कोरता कोरता मान तिरकी करून बापाचं लिहिणं वाचत होती.

"'घरच्या घरी ब्युटी पार्लर चालवते' हे काढा."

"मग काय लिहू?"

"मेकअप आर्टिस्ट. स्टेज, कॅमेरा, नवरी, रोजचं, सगळं."

"सरकारी खुलाशात नवरी कशी लिहायची गं?"

"मग इत्यादी लिहा."

बाजीरावांनी ओळ खोडली, वर लिहिलं, 'व्यवसायाने मेकअप आर्टिस्ट (रंगमंच, चित्रीकरण, दैनंदिन इत्यादी)'. मग शेवटचा परिच्छेद आला. तेहतीस वर्षांत लिहिलेल्या प्रत्येक खुलाशाखाली त्यांनी 'झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे' हे वाक्य लिहिलं होतं, चूक त्यांची असो नसो. पेन कागदावर टेकला आणि थोडा वेळ तिथेच राहिला.

"काका, झालं का वो लिहून?" खुर्चीतल्या बाईने डोळे न उघडता विचारलं. "तुमच्या पाठीआड ताईचा आरसा झाकलाय."

"झालं," बाजीराव म्हणाले, आणि ते वाक्य न लिहिताच खाली सही केली.